लायसन्सचे पैसे घेतले, लायसन्स घेतलंच नाही

देवगड तालुक्यात आमचा छोटा होमस्टे आहे. वेबसाइटसाठी फोटो हवे होते म्हणून ओळखीतून एक फ्रीलान्स फोटोग्राफर ठरवला. बोलायला गोड, कॅमेरा भारी, निम्मे पैसे आगाऊ. आला तो ऐन पावसात. पडवी, खोल्या, न्याहारीचे घावणे त्याने खरंच सुरेख टिपले. पण समुद्र गढूळ आणि झाडावर आंबा नाही. मग म्हणाला, "काका, तीन-चार फोटो स्टॉकमधून, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या साइटवरून घेऊ. रॉयल्टी-फ्री असतात. लायसन्सचे तेवढे वेगळे पडतील." बिलात तशी स्वतंत्र ओळ घालून पैसे घेतले. पावती मागितली, तर व्हॉट्सॲपवर एका पानाचा स्क्रीनशॉट आला: फोटो, त्याचा क्रमांक, किंमत.

सीझन सुरू झाला आणि ईमेल आलं. फोटो विकणाऱ्या एका परदेशी एजन्सीच्या वतीने: अमुक फोटो तुम्ही विनापरवाना वापरताय, भरपाई द्या. अशी खोटी ईमेलंही फिरतात, म्हणून आधी वकिलांना दाखवलं. भाचीने फोटो गुगल लेन्समध्ये टाकला. तोच किनारा पन्नास ठिकाणी, आणि तो थायलंडचा! संध्याकाळच्या उजेडात जांभ्याचा वाटणारा कडा चुनखडीचा होता.

वकिलांनी एजन्सीकडे चौकशी केली. फोटोग्राफरच्या नावावर खरेदीच नव्हती. त्याने पाठवलेलं पान विकत घेण्याच्या आधीचं, कुणालाही उघडता येईल असं. खऱ्या खरेदीच्या बिलावर खातेदाराचं नाव, तारीख आणि ऑर्डरचा क्रमांक असतो. आणि रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापरामागे पुन्हा मोजावे लागत नाहीत, एवढंच. त्यातला मच्छीमारांचा एक फोटो तर 'एडिटोरियल' शिक्क्याचा निघाला. असे फोटो बातमी-लेखासाठी असतात. पैसे भरले असते तरी जाहिरातीत चालले नसते.

जाब विचारल्यावर पठ्ठ्या उलटला. "मी काढलेल्या फोटोंचाही कॉपीराइट माझाच. ते वापरायचे तर आणखी भरा." इथे बरेच जण घाबरून पैसे देतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ पाहा: तुमच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिले मालक तुम्ही. 'वेगळा करार नसेल' हे मात्र नीट वाचा. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात हक्क त्याच्याकडे ठेवलेले असू शकतात. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, मिळणार का, हेही आधीच लिहून घ्यावं लागतं.

थायलंडचा किनारा वेबसाइटवरून लगेच काढला, तरी मागणी सुटली नाही. झालेल्या वापराचे पैसे मागतातच. फोटो कुणी दिला याच्याशी एजन्सीला देणंघेणं नसतं, वेबसाइट कुणाची ते बघतात. वकिलांनी घासाघीस करून आकडा उतरवला, आम्ही भरला.

पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे आणि पोलिस ठाण्यातल्या अर्जाची पोच घेतली आहे. तो फोन उचलत नाही, इन्स्टाग्रामवर नाव बदलून नवी कामं मात्र घेतो आहे. स्टॉक फोटो लागलाच तर फोटोग्राफरकडून फक्त त्या फोटोचा क्रमांक घ्या. खरेदी आपल्या खात्यावरून करा, म्हणजे बिल थेट तुमच्याच ईमेलवर येईल.