देवबागच्या खाऱ्या हवेत ११ महिने: नटवाले डंबेल

आमचं घर देवबागात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. सायकलची चेन, गेटची कडी, खिडकीचे गज, काहीच इथे दोन पावसाळे धड राहत नाही. व्यायामशाळा मालवणात, जून लागला की जाणं सुटतंच. म्हणून गेल्या वर्षी एप्रिलात घरीच डंबेल घ्यायचं ठरवलं.

खरं तर मन डायलवाल्यांवर होतं. सावंतवाडीला मेहुण्याकडे १५ दिवस वापरले. डायल फिरवला की वजन बदललं, लागोपाठ दोन व्यायाम करायचे तर त्याला तोड नाही. पण वजन कमी लावलं तरी लांबी तेवढीच राहते, हलक्या वजनाला ते अडचणीचं होतं. शिवाय आत बारीक खाचा आणि प्लास्टिकचे भाग. तिथे खारं गेलं तर पुसणार कसं? जून २०२५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीचे असे सुमारे ३८ लाख डंबेल परत मागवले, कारण वापरताना प्लेटा निसटत होत्या. तोंडावर वजन धरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मी साधे घेतले: आटे पाडलेला १४ इंची रॉड, दोन्ही टोकांना नट, ओतीव लोखंडाच्या प्लेटा. शेजाऱ्याच्या सिमेंट भरलेल्या प्लेटांना गंज नाही, पण त्या इतक्या जाड की १० किलोतच रॉड भरतो.

जुलैत पडवीत ठेवलेल्या रॉडवर आट्यांच्या खळग्यांतून तांबूस रेघ उठली. बाबा बघून म्हणाले, "गंजान खाल्ल्यान रे तेका." तारेच्या ब्रशने घासून खोबरेल लावलं. पावसाळाभर छान चाललं, पण डिसेंबरातल्या पहाटे तेल आट्यांत थिजलं आणि नट फिरेना. तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल, आठवड्यातून एकदा, फक्त आट्यांना. मुठीच्या जागी तेल लागता कामा नये. घाम मात्र रोज पुसायचा, आणि डंबेल आता माजघरात फळीवर असतात, जमिनीवर नाही.

घेताना सगळे विचारतात "किती किलोपर्यंत?" मी विचारेन, सगळ्यात लहान प्लेट केवढी? माझा रॉड नटांसकट २ किलो. २.५ च्या दोन प्लेटा लावल्या की ७. पुढची प्लेट १.२५ ची, दोन्ही टोकांना एकेक, म्हणजे एकदम ९.५! खांद्यांच्या प्रेसला, म्हणजे डोक्यावर वजन ढकलताना, ही उडी मला दीड महिना जमली नाही, उलट डावा खांदा दुखायला लागला. मग अर्ध्या किलोच्या चार प्लेटा मागवल्या. ७ वरून ८ वर आलो, तिथे तीन आठवडे काढले आणि ९.५ विनासायास उचललं. या चार प्लेटांएवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

वाण्याच्या काट्यावर सगळं तोललं. अडीच किलोची एक प्लेट २.३८ भरली. दोन्ही हातांना सारखं वजन हवं तर तुम्हीही तोला आणि जोड्या लावा.

नटाचा त्रास आहेच. सहाव्या-सातव्या उचलीला तो अर्धा आटा सैल होतो, आतली रबरी चकती कडक झाली की जास्तच. प्रत्येक सेटनंतर हाताने आवळतो. वजन बदलायला दोन मिनिटं जातात, तेवढीच विश्रांती होते.

समुद्रापासून लांब, कोरड्या खोलीत राहत असाल आणि वेळ कमी असेल तर डायलवाले जरूर घ्या. किनाऱ्यावर मी पुन्हा नटवालेच घेईन. आता रोइंगला, म्हणजे वाकून वजन पोटाकडे ओढायला, २०.५ किलो कमी पडायला लागलंय, तेव्हा ५ च्या आणखी चार प्लेटा मागवतोय. रॉडवर जागा आहे, मोजून बघितलं.