टपालाने आलेली किलीफिशची अंडी: नागपुरातला अनुभव

पाकीट तळहाताएवढं. आत चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा नारळाचा भुसा, त्यातच अंडी, आणि वर पेनाने लिहिलेली चिठ्ठी: नोथोब्रँकियस ग्वेंथेरी, झांझिबार. भुसा काढला 16 सप्टेंबर, पाण्यात घाला 9 डिसेंबर. पन्नास अंड्यांचे टपालासकट तीनशे रुपये. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्यात बर्डीच्या बाजारातून जिवंत मासे आले असते."

आले असते, पण हे नाही. आफ्रिकेत पावसाच्या डबक्यांत राहणारा हा मासा. डबकं आटलं की मोठे मासे मरतात, अंडी मात्र चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणून त्यांना आधी कोरडा काळ लागतो; या जातीला साधारण तीन महिने.

मी तारखेलाच सगळ्यात जास्त गुण देईन. याआधी दुसऱ्या एकाकडून जूनमध्ये अंडी घेतली होती. पाकिटावर तारीखच नव्हती, आमच्या घरातलं पाणीही तेव्हा कोमट. एकही पिल्लू निघालं नाही, आणि मला फार वाईट वाटलं होतं. या वेळी भिंगाखाली पाहिलं तर अंड्यांतून डोळे दिसत होते, भोवती सोनेरी कडं. भुसाही मळलेल्या तंबाखूइतकाच ओला, बोटाला पाणी न लागणारा. असाच हवा.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. 8 तारखेच्या रात्री ते गार व्हायला गॅलरीत ठेवलं. सकाळी थर्मामीटर 18 अंश. ट्रेमध्ये भुसा पसरून वर दोन बोटं पाणी ओतलं. दुपारी शाळेतून आले तेव्हा पापणीच्या केसाएवढी पिल्लं सरसर पळत होती! मोजली, एकतीस. त्यातली पाच तळाशीच घसटत राहिली, पोहायला लागणारी पोटातली हवेची पिशवी भरलीच नव्हती. ती जगली नाहीत. भुसा पुन्हा निथळून महिनाभर ठेवला आणि परत भिजवला, तर आणखी चार निघाली. तेव्हा पहिल्या दिवशी भुसा फेकू नका.

खायला अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, दिवसातून दोनदा. तो आदल्या दिवशीच लावून ठेवावा लागतो, कारण ही पिल्लं उपाशी थांबत नाहीत. दहा लिटरला चमचाभर जाडं मीठ घालते, नाहीतर अंगावर मखमलीसारखी बुरशीगत पूड धरते. पाचव्या आठवड्यात नरांच्या शेपटीत लाल रंग उतरला. आता अंग निळसर हिरवं, प्रत्येक खवल्याला लाल काठ. माद्या साध्या राखाडी. टाकीवर झाकण हवंच, उडी मारतात.

तक्रार एकच: पाणी किती थंड हवं हे चिठ्ठीत कुठेच नाही. विचारल्यावर अंडी विकणाऱ्यांनी फोनवर नीट समजावलं, पण नवख्याला ते पाकिटातच मिळायला हवं.

नागपूरकरांनी मागवताना पाण्यात घालायची तारीख नोव्हेंबर ते जानेवारीतलीच मागावी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, कूलरच्या खोलीतही पिल्लं सांभाळणं अवघड. माझ्या माशांनी फेब्रुवारीत भुशात अंडी घातली आहेत. ती पाकिटं तारीख घालून घरातल्या सगळ्यात थंड कपाटात, देवघराखाली ठेवली आहेत.