उद्यमनगरातील खानावळ आणि १ मे रोजीचे मटण ताट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्र्या आणि मशीनशॉप यांच्यामधल्या एका गल्लीत असलेल्या या खानावळीत मी गेली सहा वर्षे आठवड्यातून एकदा तरी जेवतो. पण तिच्याविषयी लिहावे असे वाटले ते यंदा १ मे रोजी तिथे जेवल्यावर. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिले होते : ‘आज कामगार दिन. आमच्या कामगारांना भरपगारी सुट्टी. घरची माणसे स्वयंपाक करीत आहेत. फक्त मटण ताट मिळेल, वेळ लागेल.’

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाच्या आठ भरपगारी सुट्ट्यांमध्ये १ मे नावानिशी आहे, पण तो कायदा मुळात दहा आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. इथे आचारी, दोन वाढपी, भाकरी थापणाऱ्या दोघी आणि भांडी घासणाऱ्या दोघी, असे सातच जण आहेत. म्हणजे मालकांवर सक्ती नाही. गल्ल्यावर विचारले तेव्हा ते म्हणाले, “गिऱ्हाईक सगळं कारखान्यातलं. त्यास्नी आज सुट्टी, मग आमच्या माणसांनी काय पाप केलंय?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला आणि मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० पर्यंत झगडावे लागले; पण खानावळीत राबणाऱ्यांच्या वाट्याला तो रविवारही आलेला नाही, कारण कोल्हापुरात रविवार म्हणजे मटणाचा दिवस. त्याच सकाळी मुख्य रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामगार दिनाच्या शुभेच्छांचा फलक पाहिला होता आणि त्या फलकाखालीच रोजची मुले टेबले पुसत होती, हे पाहून मनापासून वाईट वाटले.

आता जेवणाविषयी. तांबडा रस्सा नेहमीसारखाच झणझणीत होता आणि सुके मटण तर रोजच्यापेक्षा मऊ शिजले होते. पांढरा रस्सा मात्र जमला नव्हता : नारळाचे दूध घातल्यावर आच जास्त लागली असावी, त्यामुळे तो किंचित फुटला होता. भाकरीच्या कडा जाड होत्या. एरवी दहा मिनिटांत येणाऱ्या ताटाला चाळीस मिनिटे लागली, पण कुणी कुरकुर केली नाही. मालकांची कॉलेजात शिकणारी मुलगी रश्श्याच्या वाट्या घेऊन येत होती. एकदा रस्सा हिंदकळून तिचा अंगठा पोळला, तेव्हा तिने तो क्षणभर कानाच्या पाळीला लावला आणि तशीच पुढच्या टेबलाकडे गेली. एरवी जेवणाच्या सुट्टीत घाईने चार घास पोटात ढकलून पाळीवर परतणारे फाउंड्रीतले काही जण त्या दिवशी बायकोमुलांना घेऊन निवांत बसले होते. ताटाचा दर नेहमीचाच, ३०० रुपये, होता.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. सुट्टीचा फळा आदल्या दिवशीच लावला, तर लांबून येणाऱ्यांना वेळेचा अंदाज येईल. आणि भटारखान्यात धूर बाहेर काढणारा मोठा पंखा बसवावा, कारण तिथल्या उष्णतेत बारा महिने उभे राहणाऱ्यांना वर्षातली एक सुट्टी पुरेशी नाही. गिऱ्हाइकांनी साडेबाराच्या आत पोहोचावे, त्यानंतर जागा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. भाकरी थापणाऱ्या मावशींनी तव्यावरून मान वर न करताच विचारले, “काल भाकरी बऱ्या हुत्या का?” मी खरे ते सांगितले, “कडा जाड होत्या, मावशी.” त्या समाधानाने हसल्या आणि टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली एक भाकरी त्यांनी न मागता माझ्या ताटात टाकली.