ब्लिना की कार-टी? बी-एएलएल उलटल्यावरची निवड

बी-एएलएल हा बी-पेशींचा रक्ताचा कॅन्सर. तो उलटला की ब्लिनाटुमोमॅब (ब्लिना) हे औषध घ्यायचं की कार-टी हा पेशींचा उपचार, असा प्रश्न येतो. सीडी19 ही त्या पेशींवरची खूण, आणि एमआरडी म्हणजे उपचारानंतर उरलेला, बारीक चाचणीतच सापडणारा आजार. रिलॅप्स झालेल्या घरात हे शब्द पोराटोरांनाही पाठ होतात. मी डॉक्टर नाही. आधी ब्लिनाची एक सायकल आणि मग कार-टी, अशी दोन्ही घेतलेला पेशंट आहे, तेव्हा माझं मत त्याच हिशेबानं घ्या.

दोन्हींचा नेम एकाच ठिकाणी, सीडी19वर. ब्लिनाटुमोमॅब तुमच्याच टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला, धरून कॅन्सरच्या पेशीपाशी नेऊन उभं करतं, पण औषध चालू आहे तोवरच. कार-टीमध्ये टी-पेशी बाहेर काढून बदलतात, परत सोडतात, आणि पुढे त्या अंगातच वाढतात.

ब्लिनाची जमेची बाजू मोठी आहे. औषध तयार असतं, मागवलं की सुरू. टॉवर नावाच्या चाचणीत नेहमीच्या केमोवर निम्मे पेशंट 4 महिन्यांपेक्षा जास्त जगले, ब्लिनावर 7.7 महिन्यांपेक्षा. आजार फक्त एमआरडीपुरता उरला असेल तर ते चांगलंच चालतं, आणि अमेरिकेत 2018 साली त्यासाठी वेगळी मान्यताही मिळाली. मलाही ते झेपलं. थोडा ताप, दोन दिवस हात थरथरले, बस.

पण पंप! हे औषध रक्तात दोन-एक तासांत निम्मं होतं, म्हणून सलग 28 दिवस, रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. मग दोन आठवडे सुट्टी आणि पुन्हा तेच. माहितीपत्रकात हे एका ओळीत उरकतं. प्रत्यक्षात गळ्यात पिशवी, पिशवीत पंप, पंपातून दंडापर्यंत नळी. अंघोळ प्लॅस्टिक गुंडाळून, झोप एकाच कुशीवर. नळी अंगाखाली दबली की रात्री दोनला पंप केकाटणार, आणि शेजारच्या कॉटवरचे काका उठून बसणार. त्यात या लाइनला फ्लश करायचं, म्हणजे सिरिंजनं पाणी मारून नळी धुवायचं नसतं, कारण नळीतलं औषध एकदम आत जातं. नव्या सिस्टरनं सवयीनं सिरिंज उचलली तेव्हा बायको ओरडली, "अहो सिस्टर, ह्या लाइनला फ्लश नाही!" त्या बिचाऱ्या दचकल्या. त्यानंतर बायकोनं नळीवर लाल पट्टी चिकटवली आणि स्वतः झोपणं सोडलं. घरी सोडलं तरी सुटका नाही. पंप चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर हॉस्पिटलात जाऊनच पुन्हा सुरू करायचा. मी लाइट गेल्यावर बॅटरीचे दिवे मोजत बसणारा माणूस झालो होतो.

बोनमॅरोचा रिपोर्ट बरा आला, एमआरडी मात्र शिल्लक होती. दुसरी सायकल की कार-टी, असं विचारल्यावर मी फार वेळ घेतला नाही.

कार-टी म्हणजे सुखाची गोष्ट अजिबात नाही. पेशी काढून घेतल्या की त्या तयार होऊन येईपर्यंत आठवडे जातात, आणि आजार तोवर थांबत नाही. तीन दिवस फ्लुडाराबिन-सायक्लोफॉस्फमाइड ही केमो. मग बदललेल्या पेशींची छोटीशी पिशवी, जी बघता बघता संपते, आणि खरी परीक्षा त्यानंतर. मला सणसणून ताप आला, तो आवरायला टोसिलिझुमॅब हे औषध द्यावं लागलं. रोज तारीख विचारायचे, पेन दाखवून हे काय म्हणून विचारायचे, शंभरावरून दहा-दहानं उलटं मोजायला लावायचे आणि कागदावर एक वाक्य लिहून घ्यायचे. मी रोज 'आज चहा पाणचट होता' लिहायचो. अक्षर बिघडलं तर मेंदूवर परिणाम होतोय का हे त्यावरून कळतं. माझं मुळातच इतकं वाईट की रेसिडेंट डॉक्टर आदल्या दिवशीचा कागद शेजारी धरून बघायचे.

पण अंगाला पंप नव्हता. काय व्हायचं ते काही आठवड्यांत झालं, आणि मी दोन्ही हात मोकळे घेऊन घरी आलो.

पैशाचं म्हणाल तर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या देशी कार-टीला ऑक्टोबर 2023मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली म्हणून हा पर्याय आपल्यासमोर तरी आला. अमेरिकेत 2017 साली किमरिया या तिथल्या कार-टीची किंमत 4,75,000 डॉलर होती, आपल्याकडचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास बोलला जातो. तोही घर हलवणारा आहेच. ब्लिना एका सायकलपुरतं स्वस्त वाटतं, पण किती सायकली लागतील ते आधी विचारून घ्या.

आजार झपाट्यानं वाढत असेल, थांबायला वेळच नसेल किंवा पेशंट पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर गणित वेगळं. नेक्सकार19ची मान्यता पंधरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विषयही दोन्हींनंतर निघू शकतो, माझाही निघाला. हे सगळं धरूनही, झेपत असेल आणि डॉक्टर 'दोन्ही चालेल' म्हणत असतील, तर मी कार-टीकडेच झुकेन.

आधी ब्लिना झालं असेल तर पेशी काढण्यापूर्वी ब्लास्टवर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर, सीडी19 अजून आहे ना, हे फ्लो सायटोमेट्री या पेशींच्या चाचणीत बघायला सांगा. कधी कधी ते निघून गेलेलं असतं, आणि मग कार-टीला पकडायला काही उरत नाही. खर्चाच्या वहीत नंतरच्या आयव्हीआयजीसाठी (शिरेतून द्यायच्या अँटीबॉडी) एक पान सोडा. आणि पहिल्या महिन्यासाठी खोली हॉस्पिटलपासून रिक्षाच्या अंतरावरच घ्या, भाडं जास्त पडलं तरी.