लिथियमची गोळी: दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नाही, त्यामुळे हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि चालू असेल तर बंद तर अजिबात करू नका. मला बायपोलर टू आहे, म्हणजे मूड वर-खाली होण्याचा आजार, त्यात माझ्या वरच्या उड्या कमी आणि डिप्रेशनचाच मुक्काम मोठा.

लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे नुसतं रडणं. माझ्याकडे रडू कमीच, अंगच शिसं ओतल्यासारखं व्हायचं. ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी उभी आहे आणि हात काही हलत नाहीये, असं कितीतरी वेळा झालंय. बोलायला गेलं की शब्द उशिरा यायचे, दहा-अकरा तास झोपूनही उठवत नसे. डॉक्टरांनी याला सायकोमोटर रिटार्डेशन म्हटलं तेव्हा जरा बरं वाटलं, आळशीपणापेक्षा हे नाव चांगलं!

यावर आधी क्वेटियापिन नावाचं दुसरं औषध होतं. झोप मस्त लागायची, पण सकाळी पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, कारण ते रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा निरोपच अडवतं आणि उभं राहिल्यावर बीपी खाली येतं. एकदा भिंत धरायला उशीर झाला आणि कपाळाला टेंगूळ. मग लिथियम.

हे म्हणजे साधं क्षार. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी मॅनियासाठी, म्हणजे मूड बेफाम वर जातो त्यासाठी, वापरलं आणि आजही चालतंय. मज्जापेशीच्या आत जाऊन निरोपानिरोपीचा वेग बदलतं म्हणे, आणि ते काही मेंदूपुरतं थांबत नाही. मला फरक कळायला दीड महिना लागला, आणि तोही मूडमध्ये नाही तर पायांत कळला, जिना चढताना मध्ये थांबले नाही.

आता तक्रार. हाताची थरथर. मांडीवर हात ठेवले की काही नाही, पण पुढे धरले किंवा काही उचललं की बारीक कंप सुरू. डॉक्टर माझ्या पसरलेल्या बोटांवर कागद ठेवतात, कागदाची कड फडफडते ती आम्ही दोघं बघत बसतो. सही तर अशी येते की माझी मलाच खोटी वाटते. कॉफीने वाढते. प्रोप्रॅनोलॉल थोडं दिलं त्याने निम्मी झाली (दमा असेल तर ते चालत नाही, तेव्हा आधी सांगा).

पण खरी गोची डोसच्या अरुंद पट्टीत आहे. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, रक्तातल्या लिथियमचा आकडा साधारण ०.६ ते १.० मध्ये हवा, दीडच्या वर गेला की विषबाधेचा धोका. मला ताप आला, जुलाब झाले, वर कंबरदुखीसाठी मी आयब्युप्रोफेन घेतलं. मूत्रपिंड लिथियमला मिठाचाच भाऊ समजतं, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की तेही धरून ठेवतं, आणि या पेनकिलरने अजून भर पडते. दोन दिवसांत थरथर मोठी झाली, ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी पाणी सांडत होतं, चाल झोकांड्या, जीभ जड. आकडा १.६. सलाइनवर काढले दोन दिवस. गोळ्या देताना दुकानात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, मीही पाकिटातला कागद वाचला नव्हता, तेव्हा निम्मा दोष माझा.

बाकी तहान फार लागते, रात्री दोनदा उठावं लागतं, दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि किडनीची टेस्ट, त्याचं आता काही वाटत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो सहीसाठी. महिन्यातून एकदा मी सुईत दोरा ओवून बघते, सुरुवातीला जमायचंच नाही, या वेळी तिसऱ्या फटक्यात गेला.