क्रेडिट फ्रीज की फ्रॉड अलर्ट?
२०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट ब्युरोमधून (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड बदलता येतो, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) सहसा जन्मभर तोच. त्यामुळे अमेरिकेत तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढू नये म्हणून दोन कायदेशीर उपाय आहेत, दोन्ही फुकट.

फ्रीज म्हणजे दाराला कुलूप. नवी बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जांची नोंद, पाहूच शकत नाही, म्हणून कर्ज सहसा अडतं. मात्र इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो. ऑनलाइन किंवा फोनवर केला तर एका कामकाजी दिवसात लागू होतो, उघडायला तासभर. गोची होते ती गाडीच्या शोरूममध्ये: फ्रीज एक्सपेरियनचा उघडलेला, आणि डीलर बघतो ट्रान्सयुनियन. कुठला ब्युरो बघणार, हे आधीच विचारून घ्या. काही ब्युरो पैसे घेऊन फ्रीजसारखंच ‘लॉक’ही विकतात, त्याची गरज नाही.

अलर्ट म्हणजे दारावरची पाटी: ‘आधी ओळख पटवा’. एकाला कळवलं की तो बाकी दोघांना कळवतो. मुदत १ वर्ष. ओळखचोरीचा अधिकृत रिपोर्ट असेल तर ७ वर्षं. पडताळणी बँकेच्या हातात, आणि अलर्टमधला फोन नंबर जुना असेल तर कॉल भलत्याकडेच जातो.

महिन्याभरात घर किंवा गाडी घ्यायची असेल तर अलर्ट सोयीचा. एरवी फ्रीजच. हातातल्या कार्डावरची चोरी मात्र दोन्हींनी थांबत नाही. त्यासाठी दर महिन्याचं स्टेटमेंट वाचावंच लागतं.