टरफलाची पूड म्हणून बोनमील

सांगली-मिरजेत किडनीचा आजार असलेल्या कुत्र्यांसाठी 'घरगुती डबा' पोचवणाऱ्या एकाने आम्हा कुत्री पाळणाऱ्यांपैकी तिघांना फसवलं. महिन्याचे साडेचार हजार आगाऊ. डब्यात खोट नव्हती: भात, अंड्याचा पांढरा भाग, उकळून पाणी टाकून दिलेलं थोडं चिकन, वर तूप. कांदा-लसूण नाही, मीठ नाही. खोट होती सोबतच्या पुडीत. ‘अंड्याच्या टरफलाची पूड आहे, रोज एक चमचा कालवा, फॉस्फरस बांधून ठेवते.’

बोलणं खरं होतं, म्हणूनच विश्वास बसला. किडनी बिघडली की फॉस्फरस रक्तात साचतो, म्हणून तो जेवणातच कमी ठेवायचा असतो. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. जेवणातच मिसळलं तर अन्नातला काही फॉस्फरस आतड्यातच अडतो आणि शीवाटे निघून जातो. पण पुडीत होतं बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, द्राक्षबागेला खत म्हणून घालतात तो. हाडात कॅल्शियमच्या साधारण निम्मा फॉस्फरस असतो. ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर बोनमीलमधून अर्धा ग्रॅमभर फॉस्फरस पोटात जातो, म्हणजे सात-आठ अंड्यांच्या बलकात असतो तेवढा. ज्या फॉस्फरसपायी बलक काढून टाकायचा, तोच चमच्याने परत घालायचा!

सहा आठवड्यांत दोन कुत्र्यांच्या रक्तातला फॉस्फरस ४.२ वरून ७ mg/dL च्या वर गेला. किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात असेल तर तो ५ च्या आत ठेवायचा असतो. तिसऱ्या कुत्र्याचा तपासलाच नव्हता. लॅबला किडनीच्या नेहमीच्या तपासण्या, क्रिएटिनिन आणि युरिया, सांगताना फॉस्फरसही सांगा, तो अनेकदा राहून जातो. आणि डॉक्टरांना नुसतं जेवण सांगू नका, पुडीही दाखवा. आमच्याकडून तीच राहिली.

पारख घरी होते. स्टीलच्या वाटीत पाव चमचा पूड घ्या, वर पांढरा व्हिनेगर ओता. टरफलाची असेल तर लगेच फसफसते, फेस वर चढतो. आमच्या पुडीतून चार बुडबुडे आले, करडी रवाळ भुकटी तळाशी तशीच पडून राहिली आणि हाडाचा वास सुटला. फसफसली म्हणून टरफलच असं मात्र नाही, खडूची पूडही फसफसते. पण फसफसलीच नाही, तर ती टरफलाची नाही हे नक्की.

पूड घरीच करा. टरफलं धुऊन कोरडी करा, मंद आचेवर तव्यावर दहा मिनिटं भाजा, गार झाल्यावर मिक्सरमधून मैद्यासारखी काढून बारीक चाळणीने चाळा. रवाळ राहिली तर फॉस्फरस नीट धरत नाही. एका टरफलाची साधारण चमचाभर पूड होते, तिच्यात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. किती घालायची हे कुत्र्याचं वजन आणि रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील. जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तेही किडनीला बाधतं.

विक्रेता आधी ‘बॅच बदलली’ म्हणाला, मग फोन बंद. पुडी आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आम्ही ठेवलेत. तुमच्याकडेही त्याची पुडी असेल तर ती आजपासून बंद करा, पण टाकून देऊ नका. तक्रारीला लागेल.